यांच्या नावाची सव्वा मूठ

साखरपुड्याला मी जो माणूस बघितला आणि लग्नात जो माझ्या शेजारी उभा राहिला तो एकच होता असं घरचे सगळे सांगतात, आणि मी मान डोलावते, दुसरं काय करणार. साखरपुड्याला हे इतक्या मोठ्यानं हसले होते की माझ्या काकूच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला. मग हे फौजेत लागले, ट्रेनिंगला गेले, लांब, दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास आहे म्हणे, आणि वर्षानं लग्नाला आले तेव्हा हळदीच्या दिवशी बायकांनी कानात हळद घातली, नाकात घातली, तरी हे हसले नाहीत. समोर बघत बसले. समोर भिंत होती.

ट्रेनिंगमध्ये मोबाईल जमा करून घेतात, रविवारी थोडा वेळ देतात. मी यावलकडची, केळीच्या बागेत वाढलेली, नववीपर्यंत शिकलेली, रविवारी मी फोन ओढणीत बांधून बागेत जायची म्हणजे घरात कोणी चिडवायला नको. पहिले काही रविवार हे खूप बोलले. उस्ताद म्हणजे शिकवणारा, तो कसा ओरडतो, पळून पळून पायाची नखं काळी पडली, डाळीत खडे असतात. मग बोलणं कमी होत गेलं. ठीक. हो. बाकी. मी म्हणायची काहीतरी सांगा ना, तर हे म्हणायचे, "तू सांग, मी ऐकतो," आणि मी सांगत राहायची आणि तिकडून श्वासही ऐकू यायचा नाही. मला वाटायचं फोन कटला. कटलेला नसायचा.

लग्न होऊन मी सासरी आले. सासर धुळ्याला, देवपूरच्या पुढं पांझरेच्या कडेला गाव आहे. घरात सासू, त्यांना सगळे अक्का म्हणतात, सासरे आबा, आणि धाकटे दीर, ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात. चार माणसांचं घर, भांडण नाही तंटा नाही. मला भीती वाटायची ती फक्त हे सुट्टीवर आले की.

यांच्या चालण्याचा आवाज येत नाही. शहाबादी फरशी आहे, कोणीही चाललं तरी कळतं, अक्का चालल्या की जोडवी वाजतात, आबांची काठी वाजते. हे नाही. मी गॅसपाशी पोळ्या करत असले आणि मागं वळले की हे उभे. कधीचे उभे माहीत नाही. दोनदा माझ्या हातातला तवा पडला. जेवायला बसले की दोन मिनिटांत ताट साफ, आबांचा पहिला घास अजून तोंडात असतो. दीर म्हणायचे, "वहिनी, म्हशीच्या गळ्यात घंटा बांधतो ना आपण, दादाच्या पायात बांधा एक." अक्का हसायच्या, मी पण हसायची. हे पण हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटे.

मुलगा झाला. तो सात महिन्यांचा होता तेव्हा हे दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले आणि मला माहेराहून न्यायला यावलला आले. उन्हाळा होता. दुपारी जेवणं झाली, बाहेर ऊन रखरखत होतं, पण केळीच्या बागेत कसं गार असतं, हिरवा अंधार असतो, ठिबकच्या नळ्यांचं पाणी टपटपतं आणि वाळलेली पानं लोंबतात, ती एकमेकींना घासतात तर कोणी कुजबुजतंय असं वाटतं. मुलगा माझ्या कडेवर होता. हे म्हणाले, "तिकडं काय शिकवलं ते दाखवू का?"

मी म्हटलं, "दाखवा."

"तोंड फिरव. शंभरपर्यंत मोज."

मी मोजले. वळले तर हे नव्हते.

मला आधी गंमत वाटली. या ओळीत बघ, त्या ओळीत बघ. केळीची ओळ सगळी सारखीच दिसते, कुठून आलो तेच कळत नाही. मी हाक मारली, अहो, अहो. पानं घासत होती. मग मी जोरात हाका मारल्या, पळायला लागले, माझ्या उजव्या चपलेचा पट्टा उसवला आणि चप्पल फटक फटक वाजायला लागली. शेवटी मी रडायलाच लागले. आणि तेवढ्यात कडेवरचा मुलगा खाली बघून हसला. खिदळून, पोट हलवून, माणूस ओळखल्यावर हसतात तसं. मी खाली बघितलं तर नुसता पाचोळा.

मग तो पाचोळा उठला.

हे अंगावरची माती झटकत होते. हे म्हणाले, "तू तीनदा माझ्यावरून गेलीस. तुझ्या उजव्या चपलेचा पट्टा गेलाय."

मी म्हटलं, "मी एवढी रडत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"मातीखाली रडणं नाही ऐकू येत," हे म्हणाले. "पाय ऐकू येतात."

मी विचारलं हे तुम्हाला कसं माहीत, तर हे विहिरीकडं हात धुवायला निघून गेले.

सुट्टी संपली. जाताना यांनी सांगितलं की आता पुढं जायचंय, वर, डोंगरात, तिथं मोबाईल चालत नाही, पंधरा दिवस फोन येणार नाही, काळजी करायची नाही. फौजेतली काळी पत्र्याची पेटी घरीच ठेवली, पाठीवरची पिशवी तेवढी नेली. पेटीवर पांढऱ्या रंगात यांचं नाव आणि नंबर. ती देवाच्या खोलीत ठेवली होती आणि मुलगा तिला धरून उभं राहायला शिकला.

वर जायच्या आधी यांनी आषाढात एकदा फोन केला, उद्यापासून बंद म्हणाले. पंधरा दिवस झाले. मी कॅलेंडरवर रोज काडी मारत होते. सोळा झाले, सतरा झाले. आबा म्हणायचे, "सरकारनं काम शे ते, फोन लागी तव्हय लागी." अक्का काही म्हणायच्याच नाहीत, आणि मला तेच जास्त लागायचं.

आणि कानबाई आली.

आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे, नथ, सगळं. तिचे रोट करतात, गव्हाचे, पुरीसारखे पण जाड. त्यासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि घरच्या जात्यावर दळायचे, गिरणीवर नाही. रोट भाऊबंदाशिवाय कोणाला द्यायचा नाही, कुत्र्याला टाकायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. उरला तर पुरायचा. आणि आमच्या सासरी आणखी एक आहे, ज्याच्या नावाची मूठ, त्यानंच आपल्या हातानं रोट मोडायचा, मग बाकीच्यांनी खायचा. तान्हं असेल तर त्याचा हात धरून मोडतात.

मला सासरची कानबाई ठाऊक नव्हती. पहिल्या श्रावणाला मी माहेरी, दुसऱ्याला बाळंतपणाला माहेरी. ही माझी पहिली.

शनिवारी सकाळी अक्का देवाच्या खोलीत सूप घेऊन बसल्या. मी समोर, मुलगा माझ्या मांडीवर. अक्कांनी आबांचं नाव घेऊन सव्वा मूठ टाकली. दिरांची टाकली. माझ्या मुलाच्या नावाची टाकली, त्याच्या कपाळाला हात लावला. आणि पोत्याचं तोंड बांधून पाणी आणायला उठल्या.

मी बघत राहिले. तीनच. यांची नाही. मला वाटलं वय झालं, विसरल्या. हाक मारणार होते, पण मला अक्कांना चूक दाखवायची लाज वाटली. आणि तेव्हा मुलगा हसला. पेटीच्या बाजूला, दारात, जिथं कोणी नव्हतं, तिथं बघून. तेच हसणं, पोट हलवून, बागेतलं. मी काही विचारच केला नाही, पोतं सोडलं, मनात यांचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले आणि हातानं सारखे केले. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काही कळलं नाही त्यांना.

रविवारी रोट तळायला बसलो. एका मुठीचे दोन रोट होतात. अक्का लाटत होत्या, मी तळत होते, बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. सहा झाले. पीठ उरलं होतं. अक्कांनी सातवा लाटला. आठवा लाटला. परात रिकामी झाली आणि अक्का परातीकडं बघत राहिल्या.

"हाई पीठ कोनं शे?" त्या म्हणाल्या. "मी तर तीनच मुठी लिध्यात."

मी म्हटलं, "अक्का, त्यांची राहिली होती. मी टाकली."

अक्कांच्या हातातलं लाटणं हलेना. आवाज इतका बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. "काबरं टाकी, बाई? काबरं टाकी?"

बायका आत यायला लागल्या म्हणून पुढं बोलणं झालं नाही. ते दोन रोट अक्कांनी पितळी डब्यात घातले आणि डबा पेटीवर ठेवला, कानबाईच्या मागं.

सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर शिरवून, म्हणजे विसर्जन करून आलो. घरी आल्यावर आबांनी रोट मोडला, दिरांनी मोडला, मुलाचा हात धरून अक्कांनी मोडला. दीर म्हणाले, "वहिनी, गंगाफळाची भाजी दादाला आवडत नाही, बरं झालं नाही तो, माझ्या वाट्याला जास्त." कोणी हसलं नाही. डबा तसाच.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर अक्कांनी मला मागच्या दारी नेलं. गोठ्याच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं एक तुकडा असा आहे की अक्का कधी त्यावरून चालत नाहीत, वळसा घालून जातात, शेणाची पाटी डोक्यावर असली तरी. मी बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं कधी. अक्का तिथं वळशावर उभ्या राहिल्या आणि बोलल्या, मी त्यांच्यासारखं बोलू शकत नाही, पण असं होतं.

हे ट्रेनिंगला गेले त्या वर्षी अक्कांनी कानबाईला यांची मूठ काढली होती, दरवर्षीसारखी. रोट केले. पण मोडणार कोण. हे तिकडे. अक्कांना वाटलं, येतील एखाद्या दिवसाच्या रजेवर. पौर्णिमा आली. मग अक्कांनी गोठ्यामागं हातानं खड्डा केला आणि रोट पुरले. वरून माती लोटताना, म्हणाल्या, हात थांबले, कारण पोराचं नाव घेऊन मी माती लोटतेय हे तेव्हा कळलं. पण अर्धी लोटून झाली होती, म्हणून पूर्ण लोटली.

मग काही दिवसांनी फोन आला. ट्रेनिंगमध्ये मोर्चा खणत होते, मोर्चा म्हणजे खंदक, लढाईत आत लपायचा, तर पावसानं त्याची भिंत खचली आणि हे खाली गेले. पूर्ण. वरून बाकीची पोरं शोधत पळत होती. हाताला हात लागला म्हणून काढले.

मी विचारलं, "अक्का, त्याच दिवशी?"

"दिन मी मोजा नही," अक्का म्हणाल्या. "मोजानं माले भ्याव लागस."

त्यानंतर त्यांनी यांची मूठ काढली नाही. आबांना वाटतं काढतात. कोणालाही सांगितलं नव्हतं. मी तिथं उभी होते आणि मला बागेतला पाचोळा दिसत होता. मातीखाली पाय ऐकू येतात. खंदकाचं यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"आते काय करानं, अक्का?"

"माले काय माहित, बाई."

पौर्णिमेला पाच दिवस होते. पाच दिवसांत ते रोट मोडले गेले पाहिजेत, नाहीतर पुरायचे, आणि पुरायचे नव्हते. दुसऱ्यानं मोडायचे नाहीत. मी म्हटलं मुलाच्या हातानं मोडू, त्यांचंच रक्त आहे. अक्का म्हणाल्या, बापाचा वाटा मुलगा कधी उचलतो, तूच सांग. मी मुलाला पोटाशी धरलं.

ते पाच दिवस मी कसे काढले मला माहीत नाही. श्रावणातली दमट हवा, भाकरीला दुसऱ्या दिवशी बुरशी धरत होती, आबांच्या चपलांना धरली, लोणच्याला धरली. मी रोज सकाळी डबा उघडून बघायची. रोट तसेच. मऊ. बोट लावलं की दबायचे आणि परत वर यायचे. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, झाक.

मुलगा पेटीपाशी जायचा, पेटीला धरून उभा राहायचा आणि हसायचा. कधी पेटीकडे बघून, कधी दाराकडे, कधी माझ्या मागं. माझ्या मागं बघून हसला की मी वळायची नाही. मी भाजी चिरत असले तरी विळीवरचा हात थांबवायची आणि ऐकायची. काही आवाज यायचा नाही, आणि भीती तीच होती, कारण हे चालतात तेव्हा आवाज येतच नाही.

बुधवारी मी न सांगता देवपूरला गेले, मुलाला घेऊन. तिथं एक निवृत्त सुभेदार राहतात, आबांच्या ओळखीचे. त्यांना म्हटलं, काका, एकोणतीस दिवस झाले. त्यांनी चहा दिला, म्हणाले, "पोरी, वाईट बातमी थांबत नाही, ती लगेच येते. चांगलीलाच वेळ लागतो. घरी जा." येताना बसमध्ये मला बरं वाटलं, पांझरेच्या पुलापर्यंत. मग मनात आलं, पण त्या खंदकाच्या वेळीही फोन काही दिवसांनीच आला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अक्कांनी काही न बोलता गोठ्यातून कुदळ आणली आणि मागच्या दाराला टेकवून ठेवली. मी कुदळ उचलली आणि परत गोठ्यात नेऊन ठेवली. त्या परत आणायच्या. असं तीनदा झालं. मागच्या अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून अंगणात, माझी ती उजवी चप्पल फटक फटक वाजत होती, शिवायची राहूनच गेली होती.

चौथ्यांदा मी कुदळ घेऊन निघाले आणि फोन वाजला. दुपारचे दोन वाजत होते. नंबरच्या जागी नंबरच नव्हता, नुसती शून्यं.

मी हॅलो म्हटलं. काही नाही. मी म्हटलं, अहो. मग माझाच आवाज मला परत ऐकू आला, अहो, लांबून, विहिरीतून आल्यासारखा. मग एक माणूस हिंदीत बोलला. "मैं ठीक हूँ. दो मिनट हैं." वर लाईनीवर सगळे ऐकत असतात म्हणून हिंदीत बोलतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला तो आवाज यांचा वाटलाच नाही. घसा बसलेला, जाड, कोणाचाही असेल असा. अक्का धावत आल्या, माझ्या हाताला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी कान लावला आणि माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं, आईला पण ओळखू येत नव्हता.

मग मी काय बोलले ते आबा अजून सांगतात आणि दीर हसतात. दोन मिनिटं होती, आणि मी विचारलं, "माझ्या कोणत्या चपलेचा पट्टा गेलाय?"

तिकडून काही नाही. खरखर. पानं घासल्यासारखी. अक्कांची नखं माझ्या दंडात रुतली.

मग मराठीत, हळू, "उजव्या."

आणि मग, "आत्ताच ऐकू आली."

मी खालीच बसले. अक्का यांना भाऊ म्हणतात, त्यांनी फोन ओढून घेतला आणि ओरडल्या, रडत ओरडल्या, "भाऊ, तुना रोट शे घरमा. मोड म्हन. तुना तोंडवरी मोड म्हन."

"काय?"

"मोड म्हन, भाऊ, मोड म्हन."

"मोडा," हे म्हणाले, उस्तादानं हुकूम द्यावा तसं, आणि फोन बंद झाला.

अक्का डबा घेऊन आल्या. रोट मी हातात घेतला, फोन अजून दुसऱ्या हातात गरम होता, तो रोटावर टेकवला, आवाज त्यातूनच आला होता ना, आणि दोघींनी मिळून मोडला, मग दुसराही तसाच. मऊ होता. मुलाला दुधात कालवून भरवला. आबा, दीर, अक्का, मी, सगळ्यांनी खाल्ला, कण राहिला नाही, डबा मी बोटानं पुसून चाटला. मुलगा त्या दिवशी पेटीकडं बघून हसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल. पण मी दोन-तीनदा त्याला उचलून पेटीपाशी नेऊन उभा केला, हसतो का बघायला.

आता यांचा फोन आठवड्यातून एकदा येतो. बोलतात, ठीक, हो, बाकी. दिवाळीनंतर सुट्टी आहे. "आत्ताच ऐकू आली" म्हणजे काय, हे मी विचारलेलं नाही. दीर म्हणतात, "वहिनी, फोनमधून अंगणातला आवाज गेला असेल, त्यात काय." पण फोन वाजला तशी मी जागीच थांबले होते, आणि उचलल्यापासून एक पाऊलही टाकलं नव्हतं.

अक्का अजूनही गोठ्यामागच्या त्या तुकड्याला वळसा घालतात. परवा बाजारात चांभार बसला होता, अक्का म्हणाल्या, "दे ना बाई शिवाले, कितला फटक फटक करस." मी नको म्हटलं. तशीच चालते, अंगणात, गोठ्यात, पांझरेपर्यंत पाण्याला. जिथं जाईन तिथं वाजते. वाजू दे.